फियाटच्या फिल्टरमध्ये निघाला कापूस

मित्रांनो, सकाळी जाम टेन्शन होतं, आता बरं वाटतंय.

काकांची जुनी फियाट कित्येक वर्षं कापसाच्या खोलीत उभी होती. आज चालू झाली नाही तर भंगारात द्यायची, असं काकांनी ठरवलं होतं. मलकापूरचा भंगारवाला दुपारी येणार होता.

गाडी ढकलत अंगणात आणली. बॅटरी, ऑइल, पेट्रोल सगळं नवीन टाकलं. तरी मला चावी फिरवायचा धीर होईना.

काका चिडले. "काऊन घाबरून राह्यला बे? मार ना सेल्फ!"

"एकदा एअर फिल्टर पाहतो, काका."

झाकण उघडलं तर आत उंदरांनी कापूस ठासून भरलेला. काकू हसल्या, "घ्या, पहिली वेचणी गाडीतच झाली!"

सगळा कापूस काढून सेल्फ मारला. थोडी घरघर झाली आणि धूर सोडत इंजिन चालू झालं.

काकांनी लगेच भंगारवाल्याला फोन लावला. "भाऊ, येऊ नको. गाडी कामाची आहे." मग मला म्हणाले, "सरक तिकडे. मोताळ्याले जाऊन येऊ."

मी म्हटलं, "ब्रेक पाहायचे राहिलेत."

मग आम्ही अंगणातच, चालू गाडीत, बराच वेळ बसून राहिलो. काका स्टेअरिंग धरून होते.

तुम्ही असता तर निघाला असता का?