राबाच्या राखेतले खड्डे

काल शेजारच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजला. शेण आणि पालापाचोळा जळल्याचा तो वास घरात आला की, मुरबाडची शिवारं धुंडाळून आमच्या शेणवे गावात आलेली ती संशोधक बाई मला आठवते. देवगांडूळ हा मातीत राहणारा, सापासारखा दिसणारा प्राणी आमच्या भागातून नामशेष होतो आहे का, हे ती तपासत होती. चुलत्यांना ओहळाकाठची ओली जमीन प्लॉटवाल्याला विकायची होती. दुर्मीळ प्राणी निघाला तर व्यवहार अडेल, म्हणून त्यांनी तिला नुकत्याच भाजलेल्या राबावर नेले. तिने राखेतून चार खड्डे खणले. चुलते म्हणाले, "असलं जनावर आमच्याकडं नायच गो बाई." मी म्हणालो, "काका, विस्तवाखाली काय जगेल? ओहळाकडे खणू द्या." "तू गप रे! गांडुळाचा वकील झालास काय?" जमीन त्यांची, परवानगीही त्यांची. जाताना बाई मला म्हणाली, "न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. पण मला अहवालात 'माहिती अपुरी' एवढंच लिहिता येईल." पुढे भरावासाठी आलेल्या जेसीबीने ओहळाकाठची माती उपसली, तेव्हा तिच्यात तीन देवगांडुळे वळवळत होती. मजुरांनी साप समजून ती फावड्याने ठेचली. चुलते शेजारीच उभे होते. आता तिथे बंगले आहेत. मी आज बाईला फोन करून विचारले. त्या प्राण्याच्या नावापुढे अजूनही 'माहिती अपुरी' असेच आहे. आमच्या घरात मात्र ती माहिती पुरेशी होती.