क्रियापदांच्या शेपट्या

सबंध सोलापुरात इंग्रजी खऱ्या अर्थाने कळलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे आतोबा, असे स्वतः आतोबांचे मत होते. ते खोडून काढण्याइतके इंग्रजी आमच्या घराण्यात कुणालाच येत नव्हते. ते गिरणीच्या कचेरीत साहेबाची पत्रे लिहीत. त्यांच्या मसुद्यातले क्रियापद साहेब सहसा तसेच ठेवी. पुढे अप, ऑफ, आउट असला एखादा चिमुकला शब्द तेवढा लाल पेन्सिलीने जोडून देई. आतोबा त्याला शेपटी म्हणत. "अरे, एवढं राज्य काय नुसतं फौजेवर चाललंय होय? गिव्ह म्हणजे देणं. अप लावलं की सोडून देणं, इन लावलं की नमतं घेणं. आपण क्रियापद धरून बसतो आणि साहेब शेपटीनिशी निसटतो की!" रोज जेवताना या शेपट्यांची उजळणी चाले. "पुट ऑन?" असे त्यांनी गरजून विचारले की आत्या विचारी, "भात वाढू?" आणि माझी आतेबहीण कमळ खाली मान घालून ताक वाढत राही.

इथवर कुणाचे काही बिघडले नव्हते. पण कमळ लग्नाची झाली, आणि लोक मुलगी पाहायला येत तेव्हा आतोबा मुलगा पाहू लागले. पोहे झाले की 'पुट'च्या बारा शेपट्या विचारायच्या, हा नेम. बार्शीचा एक बी.ए. सातव्या शेपटीवर आपटला. एका वकिलाने उलट वाद घातला, तो चहावाचूनच परत गेला. कमळला एकोणिसावे लागले; त्या काळी ही गोष्ट शेजारीपाजारी दबक्या आवाजात बोलली जाई. आत्याने सोमवार धरले. आतोबांचा मला मनापासून राग येऊ लागला तो तेव्हा.

मग वैरागचा एक मास्तर आला. मराठी शाळेत शिकवणारा, धट्टाकट्टा, हसरा. बरोबरचे चुलते म्हणाले, "पोरगं लई गुणाचं हाय. इंग्रजी तेवढं बेताचं, बगा." आतोबांनी लगेच सुरुवात केली. मास्तर पहिल्याच प्रश्नाला घाम पुसू लागला.

"पुट ऑफ?"

माजघराच्या दाराआडून आवाज आला, "पुढं ढकलणं."

आतोबांनी तिकडे पाहिले नाही. "पुट आउट?"

"विझवणं."

"पुट अप?"

"मुक्कामाला राहणं."

बाराच्या बारा झाल्या. मास्तर बिचारा तोंड उघडे टाकून दाराकडे बघत होता. हेही स्थळ गेले, असे मी मनात म्हटले. आतोबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि चुलत्यांना म्हणाले, "मुलगा पास आहे. मुहूर्त बघा."

लग्न झाले. मुलीला वैरागच्या मोटारीत बसवून आम्ही दोघे पायी घरी निघालो. न राहवून मी विचारले, "आतोबा, त्या दिवशी उत्तरं कोण देत होतं, ते तुम्हाला कळलं नव्हतं?"

"न कळायला काय झालं?" ते म्हणाले. थोडे चालून थांबले. "मला इतकी वर्षं वाटायचं, या घरात माझं कुणी ऐकतच नाही. एक ऐकत होती रे. तिलाच आत्ता पाठवून आलो."