दोन घरांचं घड्याळ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मला जुन्या घड्याळांचं वेड लागलं होतं, तेही एका पट्ट्यावर दोन तबकड्या असलेल्यांचं. वरची इथली वेळ दाखवायची, खालची परदेशातली. जळगावच्या जुन्या बाजारात विकणारे त्यांना ‘दोन घरांचं घड्याळ’ म्हणायचे. शब्द मला इतका आवडला की मीही तोच वापरू लागलो. तिथेच फसलो.

माझ्याकडे अशी चार होती. सगळ्यात लाडकं घेतलं तेव्हा चालूच होतं. खालची तबकडी कुठल्याशा देशाची वेळ धरून बसलेली. कुठला देश, कोण जाणे! मी काटे हलवले नाहीत, नेमाने चावी देत राहिलो. कुठल्या तरी अनोळखी गावाची वेळ आपल्या मनगटावर टिकटिकतेय, यात मला राजेशाही थाट वाटायचा.

तेच घालून मी पिंपळनेरला मुलगी बघायला गेलो. सोबत माझे काका, नाना. मुलीचे आजोबा, आबा, समोर बसले होते. त्यांनी होकार दिला तरच लग्न, हे नानांनी एसटीत बजावलं होतं.

आबांची नजर मनगटावर गेली. “हाई काय शे?”

“दोन घरांचं घड्याळ,” मी ऐटीत म्हणालो. “हे इथलं. आणि हे तिकडचं.”

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “तठे तुमनं कोन शे?”

“कोणीच नाही!”

“कोनी नही ते तठला टाइम काबरं देखतस?”

खरंच, काबरं? एवढा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी तबकडीकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. नाना मदतीला धावले, “आबा, काळजी नको. दोन्ही चालू आहेत. एकालाही तो उपाशी ठेवत नाही, रोज चावी देतो!”

आतल्या खोलीत भांडं पडलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की या घरात ‘दोन घरं’ म्हणजे दोन बायका.

आता कसं समजावावं? तोंड उघडलं तर ‘तिकडची’ हाच शब्द पुढे यायला लागला.

मुलगी बाहेर आली. लाजली वगैरे काही नाही. सरळ म्हणाली, “बघू.” मी घड्याळ काढून दिलं.

“तिकडे किती वाजलेत?”

“साडेसात.”

“सकाळचे का रात्रीचे?”

तबकडीवर ते लिहिलेलंच नव्हतं. “सकाळचे... किंवा रात्रीचे.”

“म्हणजे तिकडची माणसं उठली का झोपायला निघाली, हेही तुम्हाला माहीत नाही?”

“नाही हो.”

आबा मांडीवर थाप मारून हसले. “जेनी तठे बाई ऱ्हास, तेले ती जेवनी का नही हाई ठाऊक ऱ्हास! याले ते रात का दिन, हाईबी ठाऊक नही. बठ्ठा भोळा कारभार शे. करी टाका लगीन!”

असा मी अडाणीपणाच्या जोरावर नवरा झालो. नानांनी परतीच्या वाटेवर मला मिठी मारली आणि विचारलं, “पण खरंच, तिकडे कोण आहे रे?”