फिनाईलचा वास
फिनाईलचा वास आला की मला धुळ्याचं ते मतिमंदांचं वसतिगृह आठवतं. शहाऐंशी साल असेल, मी दहावीत होते. दादाला तिथं ठेवल्यावर पहिल्यांदाच आम्ही पारोळ्याहून त्याला भेटायला गेलो होतो. ओली फरशी बघून आबा खूश झाले. "बठ्ठं कसं चकाचक शे," ते आईला म्हणाले. आईने व्हरांड्यात डबा उघडून कळण्याची भाकरी आणि भरीत दादापुढे ठेवलं. घरी मांजरीला पहिला घास दिल्याशिवाय न जेवणारा माझा दादा डाव्या हाताचं कडं ताटलीभोवती करून, मागे बघत बघत, न चावता गिळू लागला. तेवढ्यात सांभाळणारी बाई दारातून गेली, तशी त्याने उरलेली भाकरी सदऱ्यात कोंबली. आईचा हात डब्यावरच थांबला. "पोऱ्यानी भूक वाढनी," आबा घाईघाईने म्हणाले, "तब्येत सुधरनी." त्याला परत नेलं तर पुन्हा बाहेरून कडी लावून शेतात जावं लागणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी "हो ना" म्हणाले. आईनेही मान हलवली. परतीच्या एसटीत आम्ही तिघंच चढलो. माझ्या घरची फरशी मी आजही नुसत्या पाण्याने पुसते.