वहिनींची दोन पेडलांची गाडी

निलेशचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हटलं. बरं! माणूस गेल्याच्या निरोपाला कोणी बरं म्हणतं का? पण खरं सांगते, वर्षाहून जास्त त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि वसईच्या फ्लॅटवरून नंदाखालला त्यांच्याकडे जा-ये करून मी इतकी थकले होते की रडायलासुद्धा अंगात जोर नव्हता. उरलेली मेथी निवडली, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवली आणि मग निघाले. पुढे दिवस झाले, तेरावं झालं, भेटायला येणाऱ्यांच्या कपबशा विसळून झाल्या... आता कुठे सगळं शांत झालंय, तर झोप येत नाही. म्हणून लिहायला बसले.

शालिनीवहिनी माझ्या मोठ्या जाऊबाई. लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा त्या चुलीपाशी उभ्या होत्या, एका हाताने भिंत धरून. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता, त्यात जोर असा नव्हताच. माझी नजर तिकडे गेली असणार. "बघून घे एकदाचं," त्या म्हणाल्या. "पाय लंगडा आहे, जीभ नाही." हे मला पहिल्याच आठवड्यात पटलं. आमटीत मीठ जास्त, वाळत घातलेल्या साड्या वाकड्या, केर कोपऱ्यातच राहिलेला... त्यांच्या तावडीतून काही सुटायचं नाही. मीही काही गरीब गाय नव्हते. आमचं वाजायचं, आणि चांगलं खणखणीत वाजायचं.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्यापुढे हात टेकले होते. मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, मुंबईत एका कंपनीत होते. त्यांच्या साहेबाने परदेशी जाताना आपली जुनी विलायती गाडी त्यांना दिली. निळी, लांबच लांब, पुढची सीट अख्खी सलग, सोफ्यासारखी. गावात लोक हसले, म्हणाले, हा पांढरा हत्ती कशाला आणलास? पण भाऊंनी तिच्यात एकच गोष्ट पाहिली होती. गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर बदलत बसायचं नाही. खाली पेडलं दोनच, आणि दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला कामच नाही. राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट असते, तिथे त्यांनी बायकोला गाडी शिकवली. तोवर वहिनींना कुठेही जायचं तर सोबत लागे. रिक्षात चढवायला कोणीतरी, उतरवायला कोणीतरी. गाडी हातात आली आणि त्या म्हणायला लागल्या, "माझी मी जाईन." बाजारात, आगाशीच्या शिवणक्लासात शिकवायला, पापडीला माहेरी. हे त्या अशा मिजाशीत म्हणायच्या की मला हसू यायचं, आणि हेवाही वाटायचा.

काही वर्षांनी त्या गाडीचा गिअरबॉक्स थकला. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. अंगणात लाल ऑइलचं थारोळं, आत काहीतरी करपल्याचा वास. आधी ती मागे जाईनाशी झाली. वहिनींनी त्यावरही तोड काढली, मागे घ्यावी लागेल अशा जागी गाडी घालायचीच नाही! पण मग पुढे जातानाही ती धापा टाकायला लागली. त्याच सुमारास भाऊंची कंपनी बंद पडली आणि ते घरी बसले. त्यांनी गाडी सातिवलीच्या एका गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक म्हणाला, "हिचे पार्ट आता कुठून आणनार, शेठ? क्लचवाला गिअरबॉक्स टाकून देतो, टेन्शनच नाय." भाऊंना पटलं. वहिनींना काही सांगायचं नाही, गाडी एकदम दारात आणून उभी करायची, असं ठरवून टाकलं. प्रेमात माणूस काय काय करून ठेवतो, देवा!

गाडी आली ती धुऊन-पुसून, बॉनेटवर झेंडूची माळ घालून. भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वहिनी पदर खोचत बाहेर आल्या, दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि खाली बघत राहिल्या.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या.

"अगं, क्लच आहे तो," भाऊ म्हणाले. "आता मी घरीच आहे ना! म्हणशील तिथे नेईन तुला."

त्यांना खरंच वाटत होतं की बायकोला गाडीतून फिरायची हौस आहे. तिला एकटीने जायची हौस आहे, हे एवढी वर्षं संसार करून त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. वहिनींनी कडाडून भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. त्या उतरल्या, आत गेल्या आणि त्यांनी कुकर लावला.

पुढचे कितीतरी महिने फार वाईट गेले. भाऊ रोज विचारायचे, "चल, कुठे जायचं?" आणि त्या म्हणायच्या, "कुठे नाही." क्लास सोडला. माहेरी जाणं बंद. बोलणंसुद्धा कामापुरतं. एकदा मी मुद्दाम आमटीत मूठभर मीठ जास्त टाकलं. त्या काही न बोलता जेवल्या आणि ताट उचलून मोरीत ठेवून आल्या. तेव्हा मात्र मी घाबरले.

मग एका दुपारी पापडीहून निरोप आला, वहिनींची आई घरात पाय घसरून पडली. भाऊ कामाने मुंबईला, आमचे हे ऑफिसात, आणि नेमका रिक्षावाल्यांचा बंद. वहिनी आत जाऊन चावी घेऊन आल्या. "मंदा, बस पुढे."

"मला कुठे चालवता येते?"

"चालवायला कोण सांगतंय तुला? तुला दोन पाय आहेत ना, एक मला दे."

सीट सलग होती म्हणून जमलं. त्यांनी आपला डावा पाय हाताने उचलून आत ओढून घेतला, मी त्यांना अगदी चिकटून बसले आणि माझा उजवा पाय क्लचवर ठेवला. त्यांनी "दाब" म्हटलं की मी दाबायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. "हळू सोड गं मेले, म्हैस आहेस का!" गाडी बेडकासारख्या उड्या मारत फाटकाबाहेर पडली. दुसरा गिअर टाकला की दांडका माझ्या गुडघ्यावर आपटायचा. निर्मळच्या वळणावर बंद पडली, मागून एसटीवाला भोंग्यावर भोंगा, आणि वहिनी काच खाली करून त्याला ओरडल्या, "दोघी आहोत, दिसत नाही का? वेळ लागणार!" महिनोन्‌महिने हरवलेली ती जीभ रस्त्यात सापडली. मी घामाने भिजले होते, देवाचा धावा करत होते आणि मला हसूही आवरत नव्हतं.

पापडीला त्यांची आई खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला, बाकी ठणठणीत. लेकीला बघून म्हणाली, "कोनी आनली तुला?"

"माझी मी आले," वहिनी म्हणाल्या.

माझी मी! इथे मी दारात पोटरी चोळत उभी. "आणि मी कोण? गाडीतला नारळ?" मी म्हटलं.

"तुला माझ्यातच धरलंय," त्या म्हणाल्या. "गप्प बस."

संध्याकाळी भाऊ परत आले, त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, ते अजून गरम होतं. आम्हा दोघींकडे बघितलं आणि पाय धुवायला गेले. त्यानंतर आम्ही कुठे कुठे गेलो, विचारू नका. सकाळी नारळ खवण्यावरून कडाक्याचं भांडण झालेलं असायचं, दोघी फुगलेल्या, आणि चार वाजले की हाक यायची, "मंदा, पाय घेऊन ये." मग काय, मांडीला मांडी लावून बसायचं. तशा बसल्यावर फार वेळ रागवून राहता येत नाही. क्लास परत सुरू झाला. त्या शिकवायच्या तोवर मी गाडीत बसून वाटाणे सोलायची. लोकांनी नावं ठेवली, पोलिसाने एकदा हटकलं. वहिनींनी त्यालाच त्याच्या शर्टाची उसवलेली शिवण दाखवली.

भाऊ मात्र गप्प राहून शोधात होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जुन्या गाड्या मोडणाऱ्यांकडे ते वर्षानुवर्षं खेटे घालत होते. शेवटी कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे तशीच गाडी मोडायला आली आणि तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांना मिळाला. तो साफ करून, नीट करून बसवून घेतला, क्लच काढून टाकला. या वेळी माळ नव्हती. गाडी दारात लावून त्यांनी चावी वहिनींच्या हातात दिली. "बघ," म्हणाले. "दोनच आहेत." भाऊंनी आयुष्यात कोणाची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसला होता.

वहिनी एकट्या निघाल्या. मी ओटीवर बसून गाडी जाताना पाहिली आणि सरळ सांगते, मला फार वाईट वाटलं. म्हटलं, झालं, सुटले बाई एकदाची... गाडी वडाच्या वळणापर्यंत गेली, थांबली आणि सरळ मागे मागे येत फाटकाशी उभी राहिली.

"बसतेस की नाही?"

"आता मी कशाला?"

"मग मी ओरडू कोणावर?"

मी जाऊन बसले, जागा भरपूर असून तश्शीच चिकटून. चढ आला की त्या सवयीने "दाब" म्हणायच्या आणि माझा पाय सवयीने खाली जायचा. मग आम्ही दोघी हसायचो. पुढे पुढे हसायचंही थांबलं, नुसतं दाबणं राहिलं. आम्ही वसईला राहायला आल्यावरही रविवारी त्या मला न्यायला यायच्या, हातपाय चालत होते तोवर.

परवा निलेश म्हणाला, "काकी, गाडीचं काय करायचं? बाबा म्हणतात, काकीला विचार, अर्धी तिची आहे." भाऊ ओटीवरच बसले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. मी मागच्या पडवीत गेले. वर्षभर धूळ खात पडलेली गाडी. दार उघडून माझ्या जागेवर बसले. निलेश पलीकडून वाकून बघत होता. "इथे तर काहीच नाही," तो म्हणाला, "मग मॅट इथेच कशी झिजली?" ब्रेकच्या डाव्या बाजूला, जिथे कुठलंच पेडल नाही, तिथे रबराला टाचेएवढं भोक पडलं होतं, खालचा पत्रा दिसत होता. "आईला विचार तुझ्या," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

तो आत गेला. मी त्या भोकावर पाय ठेवला आणि दाबला. बराच वेळ तसाच दाबून बसले. सोड म्हणायला शेजारी कोणी नव्हतं.