चारापेक्षा पाच मोठं नाही

“काकू गेली,” असं मुलानं फोनवर सांगितलं तेव्हा मी अळणावरला भाचीच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. सकाळचे आठ वाजले असतील. मी म्हटलं, “इतक्या लवकर? दुकान तर दहाला उघडतं.” तो हळूच म्हणाला, “आई, तशी नव्हे गं.” पंच्याऐंशीची बाई गेली म्हटल्यावर माणसाच्या मनात काय यायला हवं? माझ्या मनात आलं दुकान. कारण अगदी आदल्या दिवसापर्यंत माझी थोरली जाऊ, लीलाक्का, हुबळीत उणकलच्या घरातून रिक्षानं गोकुळ रोडला जायची, आमच्या तेलाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची आणि ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत घालायची. तेल म्हणजे खायचं नव्हे, ट्रकचं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ग्रीस.

तिसऱ्या दिवशी पेपरात निधनवार्ता आली. ‘सोशिक, मनमिळाऊ व प्रेमळ स्वभावाच्या…’ आमच्या ह्यांनीच लिहून दिली होती. वाचून माझं डोकंच फिरलं. मनमिळाऊ? गावातले निम्मे ट्रान्सपोर्टवाले तिच्याशी बोलत नव्हते! प्रेमळ होती, ते खरं, पण तिच्या तोंडावरून ते कुणाला कळलं नसतं. आणि सोशिक? सोशिक मी होते हो. तो शब्द माझ्यासाठी राखून ठेवायचा होता. ती सोसणाऱ्यातली नव्हती, म्हणून तर महिन्याभरानं मी हे लिहायला बसलेय. हे वाचतील. वाचू देत.

लीलाक्का लग्न होऊन सांगलीकडून हुबळीला आली ती छप्पन सालात. त्याच साली हे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. ती सांगायची, “उन्हाळ्यात मुंबई राज्यात सासरी आले आणि दिवाळीला बघते तर सासर म्हैसुरात!” महिन्याभरात कानडी शिकली. कशी शिकलीस म्हटलं तर म्हणे, “भाजीवालीशी भांडायला भाषा नको काय?” मी पंधरा वर्षांनी त्या घरात आले तेव्हा मला कानडी तिनंच शिकवलं, तेही आधी भांडणाचं. थोरले भावोजी अचानक गेले तेव्हा ती चाळिशीत होती. आमचे हे तेव्हा गदग, हावेरी, कारवारपर्यंत माल पोचवत फिरायचे. गल्ल्यावर कोण बसणार, याचा खल घरात चालू होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती सरळ उठली आणि जाऊन बसली. नातेवाइकांत कुजबुज झाली, ट्रकवाल्यांच्यात बाई बसते म्हणून. ती म्हणाली, “घरात बसून रडू? रडायला गिऱ्हाईक येत नाही.”

पण मी तिची आरती ओवाळायला बसलेले नाही. ती चुकली होती, आणि चांगलीच चुकली होती. त्या काळात नवीन तऱ्हेचे ट्रक यायला लागले होते. गिअरचा दांडा जुन्या गाड्यांसारखा दोन्ही हातांनी ओढायला नको, एका बोटानं सरकायचा म्हणे. त्याच सुमाराला गिअर ऑइलच्या डब्यांवर ‘चार’ आणि ‘पाच’ असे दर्जे छापून यायला लागले. लीलाक्कानं आपला साधा हिशेब केला, चारापेक्षा पाच मोठं. अळणावरचा मल्लप्पा लाकडाची वाहतूक करायचा. त्यानं हौसेनं नवी गाडी घेतली होती, पुढच्या काचेवर लिंबू-मिरचीसुद्धा सुकली नव्हती. तो ‘चार’ मागत होता. तिनं आग्रह करकरून ‘पाच’ दिलं. “नवी गाडी हाय, मल्लप्पा, चांगलं खाऊ घाल की तिला!”

काही महिन्यांनी मल्लप्पा आला. भांडला नाही, ओरडला नाही. कागदाची पुडी सोडून त्यानं गल्ल्याच्या फळीवर चार-पाच पितळी रिंगा ओतल्या. काळ्या पडलेल्या, दात झिजलेल्या, जागोजाग खड्डे. एवढंच म्हणाला, “अक्कार, नीवऽ कोट्टद्दु.” अक्का, तुम्हीच दिलेलं… मी त्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. दुसरं कुणी असतं तर ड्रायव्हरच्या डोक्यावर खापर फोडून मोकळं झालं असतं, तुलाच गाडी चालवता येत नाही म्हणून. तिनं दुकानाचं शटर ओढलं, मल्लप्पाबरोबर मिस्त्रीच्या गॅरेजात गेली आणि उघडलेल्या गिअरबॉक्सपुढं लुगडं सावरून उकिडवी बसली.

मिस्त्रीनं समजावून सांगितलं. गिअर बदलताना आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग ही पितळी रिंग जुळवून देते. तेल फार निसरडं झालं तर रिंगेला पकड मिळत नाही, खरखर होते. शिवाय पाच नंबरात जे जहाल औषध असतं ते मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यासाठी. ड्रायव्हर त्याला हाउसिंग म्हणतात. तिथं लोखंडाचे दात दातांवर जबर दाबानं घासतात, तिथं ते हवंच. पण तेच औषध गरम होऊन पितळेला खातं. लीलाक्कानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई, म्हणजे कळकलं! बिनकल्हईच्या पितळेत चिंचेचं सार ठेवल्यासारखं केलं मी!” जन्मभर ज्या बाईनं कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं नव्हतं, तिला तेवढं वाक्य पुरलं. मल्लप्पाच्या रिंगा तिनं नव्या बसवून दिल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, “चूक माझी.”

त्यानंतर दुकानात कुणीही तेल मागितलं की पहिला प्रश्न, “मुंदिंदो, हिंदिंदो?” पुढचं की मागचं? म्हणजे गिअरबॉक्ससाठी की हाउसिंगसाठी? दुसरा प्रश्न, गाडीचं पुस्तक कुठाय? कंपनी गाडीबरोबर जे पुस्तक देते त्यात कुठं काय घालायचं ते लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक ड्रायव्हरच्या शिटाखाली धूळ खात पडलेलं असतं. ती ते काढून आणायला लावायची. आवाज येतो म्हणून कुणी गिअरबॉक्समध्ये ‘एकशेचाळीस’, म्हणजे फार घट्ट तेल मागितलं तर म्हणायची, “खोकला आला म्हणून तोंडात बोळा कोंबतोस काय? आधी मिस्त्रीला दाखव.” काही हसायचे, काही शिव्या घालून पलीकडच्या दुकानात जायचे.

आणि मग तो शेठ आला. नाव घेत नाही. त्याच्या पुष्कळ गाड्या, काही जुन्या, काही नव्या. त्याला एकच तेल हवं होतं, पाच नंबर, पुढं मागं सगळीकडं तेच. कोण वेगवेगळे डबे सांभाळणार? सगळ्या गाड्यांचं तेल तुमच्याकडूनच घेतो म्हणाला. आमचे हे त्या दिवशी दुकानात होते, त्यांचा चेहरा असा फुलला! लीलाक्का म्हणाली, “हाउसिंगला पाहिजे तेवढं न्या. नव्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला मी देणार नाही.” शेठ हसून म्हणाला, “चारापेक्षा पाच भारी, हे शाळेतलं पोरगंही सांगंल, अक्का.” ती म्हणाली, “मीसुद्धा तेच सांगितलं होतं एकाला.” शेठ उठून गेला.

त्यानंतर ह्यांचा जो पारा चढला! “वहिनी, गिऱ्हाईक देव असतं!” तिनं शांतपणे विचारलं, “मग गणपतीला तुळस वाहता काय, भावोजी? देवालासुद्धा काय चालतं ते बघूनच वाहतो न्हवं?” हे म्हणाले, “स्वयंपाकघर आणि देवघर दुकानात आणू नका. मागेल ते द्यायचं असेल तर बसा, नाहीतर उठा गल्ल्यावरनं.” मी तिथंच होते. हातात रिकामा डबा होता. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी… मी डब्याच्या कड्या लावत बसले. आजही त्याची लाज वाटते.

ती उठली. घरी जाईल, रडेल, चार दिवसांनी माफी मागून येईल, असा ह्यांचा अंदाज. ती दुकानाच्या पायरीखाली गेली, रिकामं तेलाचं पिंप आडवं केलं आणि त्यावर बसली! रस्त्यावर, उन्हात. ट्रक थांबला की ड्रायव्हरला हाक मारून जवळ बोलवायची, “बा इल्ले, मुंदिंदो, हिंदिंदो?” तिथंच पुस्तक बघायची आणि मग त्याला आत पाठवायची. आत हे बसलेले. ड्रायव्हर आत येऊन म्हणायचा, “अक्कांनी चार सांगितलंय.” दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. हे मला म्हणाले, “सांग तिला, लोक हसतायत.” चौथ्या दिवशी मी चहाचा थर्मास घेऊन गेले. आत गेले नाही. पायरीखाली उतरले आणि पिंपावर तिच्या शेजारी बसले. ती सरकली, जागा दिली, आणि म्हणाली, “उशीर केलास.” बस, एवढंच. मला रडूच कोसळलं. आत ह्यांना चहा मिळाला नाही त्या दिवशी. आठवड्याभरात हे स्वतः बाहेर आले, पिंप उभं केलं, आणि ती आत जाऊन आपल्या जागेवर बसली.

आता वाचणाऱ्यांना वाटेल, शेठच्या गाड्या बंद पडल्या असतील आणि तो हात जोडत आला असेल. छे! त्याच्या जुन्या गाड्यांत पितळी रिंगाच नव्हत्या, त्या मजेत पळाल्या. नव्यांतल्या काहींचे गिअर अडायला लागले असं कानावर यायचं, तेव्हा तो ड्रायव्हर बदलायचा. आमच्याकडं तो पुन्हा फिरकला नाही. लीलाक्काला त्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, “त्याला पटावं म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या हातानं जायला नको, एवढंच.”

तेरावं झालं तसा मुलगा म्हणाला, “गल्ल्यावर पगारी माणूस ठेवू. आता डब्यावर सगळं छापलेलं असतं, आई.” मी म्हटलं, “तेव्हाही छापलेलंच होतं रे. छापलेलं वाचूनच ती चुकली.” आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा केली, दुकानात गेले, गल्ल्यावर बसले. ती जागा एका बाजूला खोलगट झालीय, तिच्या बसण्यानं. मला ती नीट बसत नाही. मी जरा जाड आहे.

हे मागोमाग आले. “तुला त्यातलं काय कळतं?” म्हटलं, “काही नाही.” तेवढ्यात एक तरणा ड्रायव्हर आला. गाडी माझ्या ओळखीची नव्हती. गिअरबॉक्ससाठी पाच नंबर द्या म्हणाला. आता काय सांगावं, हल्ली कितीतरी तऱ्हेच्या गाड्या निघाल्यात, एखादीला पाचच लागत असेल. मी म्हटलं, “मला माहीत नाही बाबा. गाडीचं पुस्तक आण, बघून देते.” तो वैतागला, शेजारच्या दुकानाकडं बघायला लागला. ह्यांनी फळीवरचा डबा उचलला आणि त्याच्यापुढं धरला. मी डब्यावर हात ठेवला. ऐंशीला टेकलेला नवरा आणि पंचाहत्तरीची बायको, दोघांचे हात एका डब्यावर, आणि ड्रायव्हर बघतोय… मी ह्यांना म्हटलं, “सोडा.”

सोडला त्यांनी. मग मी त्या पोराला म्हटलं, “जा, आण पुस्तक. मी बसलेय इथंच.”