आग विझली त्या दुपारी

माझा जुना दोस्त मधुकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पूर्ण्याच्या नाक्यावर दाढीला बसलो होतो. अर्धा गाल झालेला. तसाच उठून खारबावला पळालो. मयताला आलेली माणसं माझं तोंड बघत होती... त्यांना वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. ते आधी कधी जाग्यावर होतं, हे सांगायला मधुकर उरला न्हवता.

महिना झाला त्याला. मी बोलतोय, पुतणी लिहितेय. मला सहीपलीकडं काय येत न्हाय. ऐंशी सालानंतर मधुकर म्हणाला, "प्लॅटफॉर्मवर काम हाय, येतोस?" मला वाटलं, स्टेशनात. निघालं भर समुद्रात, तेल काढायचं. तो ऑपरेटर, मी भटारखान्यात कांदे कापायला. तेलाबरोबर गॅस यायचा. किनाऱ्याला न्यायला पाइपलाइन पुरत न्हवती, म्हणून उरलेला गॅस लांब दांड्याच्या टोकाला रातंदिस जाळायचे. आन् घरी त्याची बायको, सुमनवहिनी, गॅसच्या नंबराची वाट बघत चूल फुंकायची. सुट्टीला गेलो की म्हणायची, "दोघं दर्यात गॅस जालता, न हितं माझे डोले जलतान." मी म्हणायचो, "पुढच्या येळी पिशवीत भरून आणतो." ती उलथनं दाखवायची.

एका दुपारी तुफान वाऱ्यात दांड्याच्या टोकाची ती आग विझली. कायम कानात घुमणारा आवाज बंद. मला वाटलं, आग गेली, भीती गेली. खुशीत बिडीच्या खोलीत गेलो. बिडी तोंडात, काडी पेटीवर... मधुकरनं मागून मनगट पिळलं.

"आग विझलीय, गॅस न्हाय विझला. तो आता मोकळा फिरतोय. आन् तू काडी वढतोस?"

"मग करू काय?"

"गप बस. श्वास पण हळू घे."

मी खरंच नाक धरून बसलो. तो मस्करी करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

गॅस बंद केला. हवेत राहिलेला वाऱ्यानं नेला का, ते मशीन लावून बघितलं. मग लांबून आग पेटवायची पिस्तूल घेऊन मधुकर बाहेर गेला. कुठं गॅस दडून राहिला असता तर पहिला तोच जळणार. दाराबाहेर तो नुसताच उभा राहिला, नाक वाऱ्याकडं करून, वास घेत. साहेब आतून हात हलवत होता, हा हलेना. मग पुन्हा थोडा गॅस सोडायला सांगितला, न बार काढला. चुकला. दुसरा... भक्कन् पेटली. आग लागलेली बघून रडणारा माणूस तिथं मी एकटाच.

पुढं समुद्रात नळ्या पडल्या. खारबावपर्यंत काय पोचल्या न्हाईत, वहिनीकडं सिलेंडरच आला.

परवा गेलो. वहिनी चहा ठेवायला उठली. आधी मागचं दार उघडलं, मग काडी हातात धरून उभीच राहिली. मला वाटलं, साखर संपली.

"काय झालं वहिनी?"

"काय न्हाय. यांनी लावलेली खोड. आता हात ऐकत न्हाय."

मी पण उठून तिच्या बाजूला उभा राहिलो. दारातून वारा येत होता. चहाची घाई कुणालाच न्हवती.